क्वायटिझम
ईश्वरेच्छेपुढे स्वतःच्या इच्छेचा संपूर्ण लय करून आत्म्याने निष्क्रिय व्हावे, असे प्रतिपादणारा कॅथलिक पंथातील सतराव्या शतकातील विचारप्रवाह. ‘विश्रांती’ या अर्थाच्या ‘क्विएस’ या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले.

समर्पणाची कल्पना मुळात नवी नव्हती. माइस्टर एकहार्ट (सु. १२६०–१३२८) याच्या जर्मन लेखनात ‘सोडून देणे’ हा विचार प्रमुख आहे. इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) याने आरोग्य व आजार, संपत्ती व दारिद्र्य यांविषयी समभाव बाळगण्यास सांगितले. परंतु हा समभाव योग्य निवड करता यावी म्हणून होता. निवड करणेच सोडावे काय, या प्रश्नावरून पुढे वाद पेटला.

मीगेल दे मोलीनोस (१६२८–९६) या स्पॅनिश धर्मगुरूने रोममध्ये १६७५ साली ‘गीया एस्पिरितुआल’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विचारपूर्वक मनन बाजूला ठेवून साधकाने ईश्वरसान्निध्यात केवळ मौन राहावे, असा त्याचा उपदेश होता. १६८५ मध्ये त्यास अटक झाली व १६८७ मध्ये अकरावा इनोसंट या पोपने त्याची ६८ विधाने निषिद्ध ठरविली. मोहाचा प्रतिकार करणे हीदेखील स्वतःची कृती असल्याने ती टाळावी, हे त्यांपैकी सर्वांत गंभीर मत. मात्र ही विधाने ग्रंथापेक्षा मुख्यतः त्याची पत्रे व जबाब यांवर आधारलेली होती, हे त्याचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही. तो तुरुंगातच मरण पावला.

फ्रान्समध्ये मादाम ग्वीयाँ (१६४८–१७१७) हिने सामान्य जनांसाठी सुलभ प्रार्थनापद्धती सांगितली. तिला बास्तीयच्या तुरुंगात राहावे लागले. तिचा पक्ष घेणारा आर्चबिशप फेनलाँ (१६५१–१७१५) याच्या मते शुद्ध प्रेमात स्वतःच्या मोक्षाचीही अभिलाषा उरत नाही. बॉस्यूए (१६२७–१७०४) याचा आक्षेप असा, की आशा हा ख्रिस्ती धर्मातील मूलभूत सद्‌गुण असून तो टाकणे म्हणजे समर्पण नव्हे. हा आक्षेप वजनदार आहे. तथापि फलाशेने केलेली भक्ती कितपत प्रेम म्हणावी, हा फेनलाँचा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. १६९९ मध्ये पोपने फेनलाँची २३ विधाने सदोष ठरविली, तेव्हा त्याने तो निर्णय आपल्या धर्मप्रांतात स्वतः जाहीर केला. दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये मांजराच्या व माकडाच्या पिल्लांचे दृष्टांत देऊन झालेला शरणागतीविषयीचा मतभेद येथे आठवतो.

या निषेधानंतर समर्पणविषयक लेखन सावधपणे होऊ लागले. झां-प्येर द कोसाद (१६७५–१७५१) याच्या नावावरील दैवी योजनेपुढील समर्पणाविषयीचा ग्रंथ १८६१ मध्येच छापला गेला; त्याच्या कर्तृत्वाविषयी आज अभ्यासकांत मतभेद आहेत.