युद्धखेळांतील टॉलेमीकालीन मिसर : वेष, वंश आणि पुरावा

इतिहासाच्या त्रैमासिकांत संगणकावरील खेळाचा विचार यावा, याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु आमच्या नातवाची प्राचीन रोमविषयींची बहुतेक माहिती पुस्तकांतून नव्हे, तर अशा खेळांतून आलेली आहे, असें आम्हांस आढळून आलें. जें चित्र तरुणांच्या मनांत इतकें खोल उतरतें, त्यास पुराव्याची कसोटी लावणें हें संशोधकांचेंच काम होय. यास्तव येथें एका उदाहरणाची छाननी करावयाचें योजिलें आहे.

'रोम : टोटल वॉर' हा खेळ इ. स. २००४ मध्यें निघाला. एखाद्या रोमन घराण्याचें नेतृत्व घेऊन भूमध्य समुद्राभोवतीं राज्यविस्तार करावयाचा, असा त्याचा मुख्य रोख. त्याचा कथाकाल इ. स. पूर्वीं २७० पासून सुरू होतो. त्या वर्षीं मिसर देशाच्या, म्हणजे हल्लींच्या इजिप्तच्या, गादीवर दुसरा टॉलेमी होता. अलेक्झांडरच्या एका मॅसिडोनियन सरदारानें स्थापिलेल्या राजघराण्याचा हा दुसरा पुरुष. परंतु खेळांतील मिसरी सैन्य पहावें, तों फॅरोचे शरीररक्षक, रथांवरील धनुर्धर आणि परशुधारी पायदळ! हा थाट दुसऱ्या रामसेसाच्या काळचा. त्यानें कादेश येथें हित्ती लोकांशीं केलेलें रथयुद्ध इ. स. पूर्वीं १२७४ च्या सुमाराचें. म्हणजे अंतर सुमारें १००० वर्षांचें. शिवछत्रपतींच्या मावळ्यांस दुसऱ्या पुलकेशीच्या सैनिकांचा वेष चढवावा, तसाच हा प्रकार झाला. आतां पुरावा काय सांगतो तें पाहूं.

(१) पॉलिबियसची साक्ष. इ. स. पूर्वीं २१७ मध्यें राफिया येथें चौथा टॉलेमी व सीरियाचा राजा तिसरा अँटायोकस यांची लढाई झाली. तिचें वर्णन पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानें आंकड्यांसह दिलें आहे. टॉलेमीकडे ७०,००० पायदळ, ५,००० घोडदळ व ७३ हत्ती होते. रथांस या यादींत जागा नाहीं. लांब भाल्यांची मॅसिडोनियन व्यूहरचना हा सैन्याचा कणा. त्याशिवाय ग्रीक भाडोत्री सैनिक, थ्रेसियन, गॉल व लिबियन लोकही होते. विशेष हें कीं, सुमारें २०,००० एतद्देशीय मिसरी लोकांस याच पद्धतीचें शिक्षण देऊन सोसिबियस या प्रधानाच्या हाताखालीं रणांत उतरविलें होतें. तात्पर्य, मिसरी मनुष्य सैन्यांत होता; परंतु त्याच्या हातीं शस्त्र मॅसिडोनियन होतें.

(२) शिलालेखाची साक्ष. विजयानंतर मेंफिस येथें जमलेल्या पुरोहितांनीं एक ठराव केला व तो चित्रलिपि, डेमोटिक आणि ग्रीक अशा तीन प्रकारें कोरविला. पिथोम येथें मिळालेल्या त्याच्या शिलेवर राजा घोड्यावर बसून शत्रूवर भाला उगारीत आहे. वेष व भाला मॅसिडोनियन, पण मस्तकावर मिसरी राजांचा जोडमुकुट! यावरून फॅरोचा मुकुट दाखविणें सर्वस्वीं असत्य ठरत नाहीं. देवळांत टॉलेमी हा फॅरोच होता. खेळकर्त्यांचा दोष एवढाच कीं, देवळाच्या भिंतीवरील रूप त्यांनीं रणांगणावर आणलें, आणि तेंही हजार वर्षांपूर्वींचें.

(३) पपायरसच्या कागदांची साक्ष. संग्राहकांस ही विशेष रुचेल. टॉलेमींच्या करवसुलींत 'हेलेन' म्हणजे ग्रीक हा एक हुद्दा होता व त्यास करांत थोडी सूट मिळे. ती मिळविणाऱ्यांत वंशानें ग्रीक नसलेले, कांहीं मिसरीही, आढळतात. पाथिरिस येथील ड्रायटन या क्रेटन घोडदळ अधिकाऱ्याच्या घराण्याचें दप्तर उपलब्ध आहे. त्याच्या पत्नीचें नांव अपोलोनिया ऊर्फ सेनमोंथिस, एक ग्रीक व एक मिसरी; घरचे कागदही ग्रीक व डेमोटिक दोन्ही प्रकारचे. आमच्या वाचकांस कार्ल्याच्या चैत्यांतील स्तंभलेख येथें आठवतीलच. तेथेंही दाते स्वतःस यवन म्हणवितात, आणि नांवें मात्र सिंहध्वज, धर्म अशीं आहेत. नांव, भाषा, हुद्दा व वंश हे चार निरनिराळे प्रश्न आहेत, हा धडा दोन्ही ठिकाणीं एकच.

यावर असा आक्षेप येतो कीं, खेळ हा खेळच. खेळणाऱ्यास मिसर झटकन ओळखूं यावा म्हणून रथ दाखविले, तर बिघडलें काय? बिघडतें तें असें. पॉलिबियस म्हणतो कीं, राफियाच्या विजयानें मिसरी सैनिकांस स्वतःच्या बळाची जाणीव झाली व ते पुढें राजाविरुद्ध उठले. इ. स. पूर्वीं २०६-२०५ च्या सुमारास थीब्जकडील प्रांत फुटला. तेथें होरवेन्नेफेर व त्याच्या मागून अंखवेन्नेफेर हे एतद्देशीय फॅरो झाले, आणि इ. स. पूर्वीं १८६ पर्यंत हें बंड टिकलें. ज्या चित्रांत राजा व प्रजा एकाच रंगानें मिसरी रंगविली, त्यांत या वीस वर्षांच्या झगड्यास कारणच उरत नाहीं. पराधीन लोकांस त्यांच्या जेत्याचाच पोषाख... नव्हे, जेत्यास त्यांचा पोषाख देऊन आपण त्यांची पराधीनता पुसून टाकतों.

उलट बाजूची चूकही टाळली पाहिजे. हल्लीं या खेळांवर वाद होतात ते बहुधा कातडीच्या रंगाविषयीं. वर दिलेल्या साधनांत भाषा, कूळ, शस्त्र व कर यांची नोंद आहे. आजच्या वर्णभेदाचे कप्पे त्यांत नाहींत. ते कप्पे मागें नेणें हाही कालविपर्यासच.

सुदैवानें दुरुस्ती झाली. 'युरोपा बार्बारोरम' या नांवानें हौशी अभ्यासकांनीं त्याच खेळाची शोधित आवृत्ति केली. मूळ कर्त्यांनींही इ. स. २०१३ च्या दुसऱ्या 'रोम' मध्यें टॉलेमींचा मॅसिडोनियन व्यूह दाखविला. पोथीचें अक्षर सुरेख असलें म्हणून पाठ शुद्ध ठरत नाहीं, हें आपण जाणतों. चित्र हुबेहूब असलें तरी न्याय तोच. ज्यांचीं नातवंडें असे खेळ खेळतात, त्यांनीं खेळ बंद न करितां शेजारीं पॉलिबियस उघडून बसावें, एवढीच आमची विनंती.