कॉन्टेसाचा खोका

कॉन्टेसा पाहिलीय? लांबलचक नाकाची ही मोटार हिंदुस्थान मोटर्सने १९८४ ते २००२ या काळात बंगालमध्ये, उत्तरपाड्याला बनवली. आमच्या दादाकडे एक आहे. तिच्या गिअरच्या दांड्याभोवतीचा प्लॅस्टिकचा खोका उन्हाने तडकला. आता नवा कुठला मिळायला! नाना पेठ पालथी घातली. दादा म्हणाला, ‘‘विकूनच टाकतो गाडी.’’ पण रविवारी जुन्या बाजारात तसाच एक खोका सापडला!

आधी बॅटरीची तार काढली. (खोक्याखाली वायरी असतात, ठिणगी उडायची.) दांड्याची मूठ फिरवून काढली, खोका वरून घातला. मी घाईघाईने पहिलाच स्क्रू आवळला, तर बाकीची भोकं जुळेचनात! मग सगळे स्क्रू ढिले लावले नि दांडा एकेका गिअरमध्ये टाकून पाहिला. रिव्हर्सला अडकला. खोका जरासा मागे सरकवला, पुन्हा पाहिलं, आणि मगच स्क्रू आवळले.