दिघा झालं, कळव्याचं काय?

मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ च्या सकाळी लोकलच्या दारात लटकणारी माणसं खाली पडून दगावली, त्यानंतर सगळी चर्चा लोकलच्या स्वयंचलित दारांभोवती फिरत राहिली. दारं लागायलाच हवीत. पण दारात लटकणाऱ्या माणसाला जायचं कुठे असतं, हेही कुणीतरी विचारायला हवं. बदलापूर, अंबरनाथ, कल्याण, डोंबिवलीहून सकाळी निघणारे सगळेच काही सीएसएमटीला जात नाहीत. त्यांतला मोठा लोंढा ठाण्याला उतरतो, जिने चढतो, पुलावरच्या रेट्यातून वाट काढतो आणि नऊ-दहा नंबरच्या फलाटावर नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतो. त्यांची ऑफिसं ऐरोली, रबाळे, घणसोलीला आहेत. मुंबईशी त्यांना काही देणंघेणं नाही, तरी रोज ते मुंबईच्या गाडीत चढतात, कारण दुसरी गाडीच नाही.

ती गाडी कागदावर आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठीच्या ‘एमयूटीपी-३’ या योजनेला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, त्यात कळवा-ऐरोली उन्नत मार्ग होता. खर्च ४७६ कोटी. कल्याणकडून येणारी लोकल कळव्यातून थेट नवी मुंबईकडे वळेल, ठाण्याला शिवणारच नाही, अशी ही आखणी. कामाचे दोन भाग केले गेले. पहिला भाग म्हणजे ठाणे आणि ऐरोलीच्या मधलं दिघा गाव स्थानक, दुसरा कळव्याची जोडणी. पहिला भाग झाला. बांधून तयार असलेलं स्थानक उद्घाटनाची वाट पाहत काही महिने बंद राहिलं आणि अखेर १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूसोबत, सुरू झालं.

दिघावासीयांना ते आधीच मिळायला हवं होतं. दिघ्यातल्याच इलठणपाड्याला रेल्वेचं ब्रिटिशकालीन धरण आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून तिथल्या डोंगरातलं पाणी अडवलं गेलं. ज्या गावच्या पाण्यावर रेल्वेने हक्क सांगितला, त्या गावात गाडी थांबायला २०२४ उजाडावं लागलं. २००४ मध्ये ठाणे-तुर्भे मार्ग सुरू झाला, तेव्हाही गाडी दिघ्यावरून न थांबता पुढे जायची.

आज तिथे उतरणाऱ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं असतात. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा हा सारा पट्टा एमआयडीसीचा, रसायनांच्या कारखान्यांचा. कारखान्यांचा कामगार पाळीने यायचा आणि मोठ्या कंपन्यांच्या बसगाड्या त्याला घरापासून आणायच्या. एका पाळीचा माणूस सुटला की दुसरीचा यायचा, त्यामुळे गर्दी दिवसभरात विभागली जायची. पुढे अनेक कारखाने बंद पडले आणि या पट्ट्यात माइंडस्पेस, गिगाप्लेक्ससारखी काचेची संकुलं उभी राहिली. एकेका संकुलात अनेक कंपन्या आणि बहुतेकांची हजेरी त्याच दोन तासांत. कामगाराला आणण्याची जबाबदारी मालकाने कधी झटकली आणि ती लोकलच्या डब्यावर कधी आली, याची चर्चासुद्धा झाली नाही. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या कार्यालयांना वेळा बदलण्याची विनंती करणारी पत्रं पाठवली. तशी विनंती नव्हे, सक्ती या संकुलांवर करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. हजारोंची ये-जा घडवणाऱ्या संकुलाला परवानगी देताना किती मोटारी उभ्या राहतील हे आपण विचारतो. किती माणसं कोणत्या गाडीने येतील, हे विचारत नाही.

दिघा स्थानकाने काय साधलं? ऐरोलीला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याचा त्रास अनेकांचा वाचला. गावाला गाडी मिळाली. पण डोंबिवलीच्या माणसाचे ठाण्यातले हाल तसेच राहिले. कळव्याची जोडणी झाली म्हणजे सगळं सुटेल असंही नाही. या नव्या गाड्यांना कल्याण आणि कळव्याच्या मधे आधीच भरलेल्या मार्गावरून वाट काढावी लागेल, वेळापत्रक नव्याने मांडावं लागेल. तरीही ठाण्याच्या पुलांवरचा भार उतरेल आणि सीएसएमटीच्या डब्यातली काही माणसं आपल्या हक्काच्या गाडीत बसतील.

अडलं आहे ते घरांपाशी. मार्गाच्या वाटेवर वस्ती आहे, हजाराच्या आसपास कुटुंबांचं पुनर्वसन व्हायचं आहे. झोपड्या पाडा, एवढं म्हणून हा प्रश्न सुटणार नाही, आणि तसं कुणी म्हणूही नये. त्या घरांतली माणसंही याच पट्ट्यात राबतात. मुंबई रेल्वे विकास महामंडळाने राज्य सरकारकडे बोट दाखवायचं आणि सरकारने नियमांकडे, यात वर्षानुवर्षं गेली. त्या कुटुंबांना कामाच्या टापूतच पक्की घरं द्या आणि मार्गाचं काम सुरू करा. मुंब्र्यानंतर नेमलेल्या समित्यांचे अहवाल काहीही म्हणोत. हा निर्णय घ्यायला त्यांची गरज नाही.