फी माफ झाली, मग खर्च कसला?

जून उजाडला की सेतू केंद्रांपुढच्या रांगा वाढतात आणि त्यांच्याबरोबर ऐकीव माहितीही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, जात पडताळणी अशी कागदांची चळत घेऊन उभ्या असलेल्या पालकांत दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. ‘आता मुलींना सगळं फुकट आहे’ हे एक आणि ‘शिकून तरी कुठं नोकऱ्या लागतात’ हे दुसरे. दोन्हींत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती खोडून काढणे जड जाते.

आधी फुकटचे पाहू. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपच्या वेगळ्या योजना पूर्वीपासून आहेत. निर्णय मोठाच आहे, यात वाद नाही.

पण तो ‘सगळ्या मुलींना’ नाही आणि ‘सगळी फी’ही नाही. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच झालेला हवा. शेवटच्या फेरीपर्यंत थांबायला नको म्हणून घाईने व्यवस्थापन कोट्यातून जागा पक्की केली की सवलत गेली. अभिमत विद्यापीठे आणि खासगी विद्यापीठे या योजनेत येतच नाहीत. जाहिरातीत ‘विद्यापीठ’ शब्द ठळक असतो, त्याआधीचे विशेषण बारीक अक्षरांत, आणि पालक फसतात ते नेमके तिथे. फीच्या पावतीवर शिक्षण शुल्काखाली विकास शुल्क, अनामत, वसतिगृह असे आणखी रकाने असतात. माफी त्यांना लागू नाही.

‘खासगी कॉलेज वाटेल ती फी लावू शकतं’ हाही असाच अर्धा समज. महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ पासून सुरू झाली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. त्यापाठोपाठ डोनेशन आले आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बेकायदा ठरवणारा कायदाही आला. २०१५ च्या कायद्याने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी ठरवण्याचे काम शुल्क नियामक प्राधिकरणाकडे दिले. प्रत्येक महाविद्यालयाची मंजूर फी तिथे पाहता येते. लेखी पावती न देता मागितलेला पैसा ‘रीत’ म्हणून खपवला जातो, पण कायद्याच्या भाषेत तो गुन्हा आहे.

तरीही खरा घोळ फीच्या आकड्यात नाही. परभणीच्या एखाद्या खेड्यातून पुण्याला इंजिनिअरिंगला आलेली मुलगी धरा. फी माफ. पुढे? कॉट बेसिसवर खोली, तिची अनामत, मेसचा महिना, बसचा पास, लॅपटॉप, दिवाळीला गावी जाण्याचे तिकीट. शासनाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत योजनेने वर्षाला ६० हजार रुपये ठरवले: जेवणाला ३२ हजार, राहण्याला २० हजार आणि निर्वाहाला ८ हजार. राहण्याचे २० हजार शैक्षणिक वर्षाच्या १० महिन्यांत वाटले तर महिन्याला २ हजार. या भाड्यात पुण्यात खोली शोधून दाखवावी! आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. मदत होते, पण हप्ता वेळेवर येईलच असे नाही आणि घरमालक मात्र पहिल्या तारखेला दारात असतो.

महाडीबीटीवर अर्ज भरला म्हणजे काम झाले, हा आणखी एक भ्रम. पैसे जमा होतात ते आधारशी जोडलेल्या खात्यात, आपण ज्याचे पासबुक जोडले त्यात नव्हे. वडिलांनी कधीकाळी दुसऱ्याच बँकेत काढून दिलेले खाते आधारला जोडलेले असते आणि मुलगी इकडे वाट पाहत बसते. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला पडून राहतो तो निराळाच.

राहण्या-जेवणाची ही अडचण जुन्या माणसांना पुरती ठाऊक होती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिचाही कणा वसतिगृहे आणि ‘कमवा आणि शिका’ हाच होता. खेड्यातले पोर वर्गात बसायचे तर आधी त्याची झोपण्याची आणि दोन वेळच्या भाकरीची सोय लागते, हे त्यांनी ओळखले. आजच्या धोरणात फीवर जेवढी चर्चा होते, तेवढी वसतिगृहावर होत नाही.

आयआयटी श्रीमंतांचीच, असेही म्हटले जाते. २०१६ मध्ये बी.टेक.चे वार्षिक शिक्षण शुल्क ९० हजारांवरून २ लाख झाले तेव्हा तो समज घट्ट झाला. त्याच निर्णयातला दुसरा भाग मात्र कमी लोकांपर्यंत पोचला. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना हे शुल्क पूर्ण माफ, १ लाखाखालील उत्पन्नाच्या कुटुंबांनाही पूर्ण माफ आणि १ ते ५ लाख उत्पन्न असेल तर दोन तृतीयांश माफ. गरीब घरचा मुलगा पवईच्या दारात अडत नाही. तो अडतो त्याआधीची दोन वर्षे. लातूर किंवा कोट्यातला क्लास, तिथली खोली, टेस्ट सिरीज, जमलेच नाही तर ‘रिपीट’चे वर्ष. या खर्चाला शिष्यवृत्तीचा आधार क्वचितच मिळतो.

कर्जासाठी जमीन गहाण टाकावी लागते, हा धसका शेतकरी घरांत खोल रुतलेला आहे. प्रत्यक्षात ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळात १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही आहे. ‘निवडक’ या शब्दाकडे नीट पाहावे. तालुक्याच्या कॉलेजाला ही योजना लागू असेलच असे नाही. आणि शिकत असताना हप्ता नसतो याचा अर्थ व्याज चढत नाही असा होत नाही.

आता ‘शिकून काय उपयोग’. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत तो होता ३.४ टक्के. आकडे पाहून कुणीही म्हणेल, शाळाच सोडलेली बरी. पण बेरोजगार म्हणून मोजला जातो तो काम शोधणारा माणूस. घरच्या शेतात बिनपगारी राबणारा, नाक्यावर मिळेल ती मजुरी करणारा सर्वेक्षणात ‘रोजगारात’ धरला जातो. अशिक्षित गरिबाला चार महिने घरी बसून चांगल्या नोकरीची वाट पाहणे परवडत नाही, म्हणून त्याचा दर कमी दिसतो. पदवीधर थांबतो, घर त्याला काही काळ पोसते. ते पोसणे हासुद्धा शिक्षणाचाच खर्च, फक्त कुठल्या माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो. २९ टक्के ही लाजिरवाणीच गोष्ट आहे, पण ती रोजगार निर्माण न होण्याची. अडाणी राहिल्याने काम मिळते, असा तिचा अर्थ नाही.

राहता राहिली दूरस्थ पदवी. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, तरी ‘मुक्तची डिग्री चालत नाही’ असे आजही सांगितले जाते. मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारख्या पदव्या मात्र या मार्गाने मिळत नाहीत. दूरस्थ अभ्यासक्रमांच्या मान्यतेची यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. एजंटाच्या हाती पैसे ठेवण्याआधी त्या यादीत संस्थेबरोबर अभ्यासक्रमाचेही नाव आहे का, ते बघून घ्यावे.