लाल औषध आणि आवळ्याचा अर्क

केमोच्या वॉर्डात डॉक्सोरुबिसिन ओळखायला लेबल वाचावं लागत नाही. ते लालभडक असतं, नळीतून उतरताना दिसतं आणि पुढे एक-दोन दिवस लघवीलाही रंग देतं. इटलीतल्या कास्तेल देल मोंते किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूच्या वंशातून १९६०च्या दशकात ते हाती आलं. स्तनाच्या कर्करोगापासून लिम्फोमापर्यंत त्याने असंख्य जीव वाचवले.

त्याची किंमत मात्र हृदय मोजतं. पेशीतल्या लोहाशी गाठ पडली की हे औषध घातक रेणू तयार करतं, आणि हृदयाच्या पेशी एकदा गेल्या की फारशा भरून येत नाहीत. म्हणून डॉक्टर आयुष्यभराच्या एकूण डोसचा हिशेब ठेवतात. हे लोह पकडून ठेवणाऱ्या डेक्सराझॉक्सेनला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. हृदय वाचवू शकणाऱ्या फळांच्या अर्कांचा शोध याच वाटेवरचा.

तो सुरू होतो सॉक्सलेटपासून. फ्रांत्स फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये दुधातली चरबी मोजायला बनवलेलं हे काचेचं उपकरण आजही फार्मसी कॉलेजांत दिसतं. वाळवलेल्या आवळ्याची भुकटी कागदी नळकांड्यात भरतात. खाली अल्कोहोल उकळतं, वाफ वर जाऊन थंड होते, थेंब भुकटीवर ठिबकतात. कप्पा भरत भरत काठाला आला की बाजूच्या वाकड्या नळीतून सगळा द्रव एका दमात खाली रिकामा होतो. पुन्हा थेंब, पुन्हा भरणं. तासन्‌तास. शेवटी अल्कोहोल उडवलं की तळाशी तपकिरी, चिकट अर्क उरतो.

तो पांढऱ्या उंदरांना काही आठवडे पाजतात. मग डॉक्सोरुबिसिन किंवा हृदयावर ताण आणणारं आयसोप्रोटेरेनॉल टोचून हृदयाला इजा करतात आणि रक्तातली ट्रोपोनिन, सीके-एमबी ही इजेची खूण दाखवणारी प्रथिनं मोजतात. आवळा, डाळिंब, जांभूळ यांच्या अर्कांनी अशा प्रयोगांत इजा कमी झालेली दिसली आहे.

ही आशा खरी आहे, पण ती उंदरांपुरती. यातल्या बहुतेक उंदरांना कर्करोगच नसतो! हृदयाला वाचवणारा अर्क गाठीलाही वाचवणार नाही ना, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहतो. शिवाय फळ म्हणजे निरुपद्रवी असंही नाही: ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम रोखतो आणि कित्येक औषधांची रक्तातली पातळी वाढवतो.

नातेवाईक मायेनेच आवळ्याच्या रसाची बाटली घेऊन येतात. ती बाटली लपवू नये, ऑन्कॉलॉजिस्टच्या टेबलावर ठेवावी. टूडी इकोचा रिपोर्ट तिथेच उघडलेला असतो, आणि हृदय एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतंय हा आकडा डॉक्टर आधीच्या रिपोर्टशी ताडून बघत असतात.