यंत्र कोणाकडून शिकते?

यंत्र आले की जात जाईल, असे मी वर्गात पुष्कळदा सांगितले. आज ते विधान तपासावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्ता जुन्या नोंदींतील साचे शोधून पुढचा अंदाज बांधते. नोंदी ज्या समाजाच्या, साचेही त्याच समाजाचे.

२०१८ साली अमेरिकेत जॉय बुओलामविनी व टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे तर आडनाव, वस्ती, शाळा यांतच जात लिहिलेली असते. नोकरीच्या अर्जांची चाळणी यंत्राकडे गेली, तर जात न विचारताही ते माणूस वगळू शकेल.

दोष यंत्राचा नाही, चुकीच्या समाजरचनेचा आहे, अशी भूमिका बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना मांडली. म्हणून मी यंत्र नाकारीत नाही. पण ते कोणाच्या नोंदींवर शिकले, कोणी तपासले, चुकीची दाद कोठे मागायची, हे विचारल्याशिवाय त्याचा निकाल मानू नये. पूर्वी ‘शास्त्रात आहे’ म्हणून आम्हाला गप्प केले. उद्या ‘संगणकाने सांगितले’ म्हणतील. शास्त्र बदलले, म्हणून प्रश्न थांबवायचे नाहीत.