मुलींची फी माफ म्हणजे नेमकी कोणती फी?

आष्ट्यातच अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. म्हणजे वाळवा तालुक्यातल्या मुलीला इंजिनिअर होण्यासाठी पुणं गाठायलाच हवं असं नाही. तरी अनेक घरांत गाडी पैशांवर अडते.

त्यासाठीच ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय महत्त्वाचा आहे.

कोणाला लागू?
ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्यापेक्षा कमी हवं. एससी, एसटी मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत.

काय माफ?
व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. आधी निम्मी सवलत होती, आता १०० टक्के.

चूक कुठे होते?
प्रवेश कॅप राउंडमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर लाभ नाही. खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही ही सवलत लागू नाही. महाडीबीटीवर अर्ज भरावा लागतो, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

मग खर्च शून्य?
नाही. हॉस्टेल, मेस, एसटीचा पास हे खर्च उरतातच. याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकशी नातं असलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात गरीब मुलांसाठी बोर्डिंग काढलं. तेव्हा फी माफ झाली म्हणून थांबू नका, कॉलेजात वसतिगृह निर्वाह भत्त्याचीही चौकशी करा.